शिडाच्या होडीला एसी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. शिडाची. वल्ह्याची नव्हे आणि इंजिनाची तर नव्हेच. माझे नाव झुळूक. पुण्यासारख्या समुद्र नसलेल्या गावात शिडाच्या होडीचा जन्म व्हावा, हेच मुळी अनेकांना पटत नसे. तरी मी जन्मले, खडकवासल्याच्या पाण्यावर कितीतरी वर्षे हिंडले, आणि मग एका पावसाळ्यात माझ्या पोटात एसी बसवला गेला. तेव्हापासून माझ्या आयुष्याचे दोन तुकडे झाले. पहिला तुकडा सांगताना मला आनंद होतो. दुसरा सांगताना बोलणे कडू होते. पण गोड तेवढेच सांगायचे, तर मग न सांगितलेलेच बरे.

मला दिगंबर लवाटे यांनी बांधले. ते भोसरीच्या एका कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करत. लाकडाशी त्यांचे जन्माचे सख्य. कर्वेनगरमधल्या आपल्या छोट्या बंगल्याच्या मागच्या अंगणात त्यांनी माझा सांगाडा उभा केला. रविवारी आणि रोज संध्याकाळी ते माझ्यावर काम करत. प्लायवूडच्या लांब पट्ट्या ओल्या करायच्या, हळूहळू वाकवायच्या, शिकंज्यात धरायच्या, सुकल्या की चिकटवायच्या. घाई केली की पट्टी तडकते. दिगंबररावांनी कधी घाई केली नाही.

कुंपणापलीकडचे शेजारी रोज सकाळी दात घासत मला बघत. एकदा त्यांनी विचारले, "लवाटे, धरण इकडे यायचं आहे का?"

"नाही," दिगंबरराव म्हणाले. "आपण पाणी फार सांडता, त्यावर चालते का बघतोय."

त्यानंतर शेजाऱ्यांनी माझी चौकशी केली नाही.

दिगंबररावांची पत्नी पद्मजाबाई वेधशाळेत नोकरीला होत्या. दिवसभर वाऱ्याचे आकडे बघायचे आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या अंगाला पॉलिश पेपर घासायचा, असा त्यांचा क्रम होता. माझे नावही त्यांनीच ठेवले. दिगंबररावांच्या मनात काहीतरी भारदस्त नाव होते. पद्मजाबाई म्हणाल्या, "वादळ नको आणि तुफान नको. वीस फुटांची होडी आहे आपली. झुळूक म्हणा. झेपेल तेवढंच नाव द्यावं."

मला ट्रकवर चढवून खडकवासल्याला नेले, तेव्हा त्यांचा मुलगा आमोद कॉलेजात होता. त्याने माझ्या नाकावर नारळ फोडला आणि पाणी आपल्याच बुटांवर उडवून घेतले. काठावर गेनबा होता. त्याची जमीन धरणाच्या काठाला लागून होती आणि आम्हा चार-पाच होड्यांची राखण तो करत असे. तो माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "चांगली हाय. पन हिला पाय कुठंय?"

माझा पाय म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवे. पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. शिडाच्या होडीला वारा ढकलतो. पण वारा आपल्याला हवा तिकडेच कसा ढकलेल? तो त्याला हवे तिकडे ढकलतो. म्हणून होडीच्या पोटातून एक जाड, लांब फळी खाली पाण्यात सोडतात. ती पाणी धरून ठेवते. मग वारा बाजूने आला तरी होडी बाजूला घसरत नाही, पुढे सरकते. वारा समोरून आला तरी ती नागमोडी वळणे घेत त्याच्याच दिशेने जाऊ शकते. फळी नसेल तर होडी म्हणजे पाण्यावर पडलेले पान. दिगंबररावांनी माझी फळी शिसवाची केली होती, आणि ती वरखाली व्हावी म्हणून माझ्या पोटाच्या बरोबर मधोमध एक उभी पेटी बसवली होती. त्यांनी गेनबाला ती फळी खाली सोडून दाखवली. गेनबाने मान हलवली. "मंग झालं," तो म्हणाला.

पहिल्या दिवसापासून सुकाणू पद्मजाबाईंकडे आणि शिडाचे दोर दिगंबररावांकडे. हे कोणी ठरवले नाही. दिगंबररावांना लाकूड कळे, वारा कळत नसे. पद्मजाबाईंना पाण्यावरची बारीक सुरकुती लांबून दिसे. "सिंहगडाकडून येतोय," त्या म्हणत. "अहो, दोर सैल करा." दिगंबरराव दोर सैल करीत आणि खरोखरच तो वारा येई. त्या सुकाणू कधी घट्ट धरत नसत. दोन बोटे ठेवत. मला वळायचे आहे हे त्यांच्या बोटांत यायच्या आधी माझ्या अंगात आलेले असे. मित्रांनो, असे माणूस होडीच्या नशिबी फार क्वचित येते.

एका वर्षी काठावरच्या होडीवाल्यांनी शर्यत ठेवली. बाकीच्या होड्या विकत आणलेल्या, तुकतुकीत. मीच एक अंगणात जन्मलेली. अर्ध्या वाटेवर वारा पडला आणि सगळ्या जागच्या जागी थांबल्या. पद्मजाबाईंनी मला उजवीकडे, काठाच्या अगदी जवळ नेले. लोक हसले. तिथे डोंगराच्या घळीतून एक चिंचोळा वारा उतरत होता. आम्ही पहिले आलो. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. पद्मजाबाई त्यात पुढे कितीतरी वर्षे चकल्या घेऊन येत.

मग त्यांना तो आजार झाला.

मज्जातंतूंचा काही विकार होता. मला त्याचे नाव नीटसे सांगता येणार नाही, पण लक्षण मी जवळून पाहिले. अंग तापले की त्यांच्या पायांतले बळ जाई. गार झाले की परत येई. थंडीत त्या जवळजवळ पूर्वीसारख्या असत, उन्हाळ्यात जिना चढता येत नसे. त्यांनी वेधशाळेतली नोकरी मुदतीआधी सोडली. मला मात्र सोडले नाही. दिगंबररावही तोवर निवृत्त झाले होते. ते त्यांचा हात धरून त्यांना माझ्यात बसवत. एकदा सुकाणूवर बोटे ठेवली की पायांचे काय, याची मला तरी आठवण राहत नसे.

एका चैत्रात घोटाळा झाला. सकाळी निघालो तेव्हा हवा बरी होती. पाण्याच्या मध्यावर आलो आणि वारा पडला. अगदी मेला. ऊन वर आले. माझ्या छोट्या केबिनमध्ये तर भट्टी पेटल्यासारखे झाले होते. पद्मजाबाईंच्या हातातून सुकाणू सुटले. पाय गेलेच, पण जीभही जड झाली. "अहो" एवढेच त्या म्हणू शकत होत्या. दिगंबररावांनी शर्ट काढून पाण्यात भिजवला, त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि एकच वल्हे घेऊन मला काठाकडे ओढू लागले. त्यांचे वय झाले होते. मी जड होते. माझ्या आयुष्यात मला माझ्या वजनाची लाज वाटली ती तेव्हा.

आमोद त्यांना न्यायला गाडी घेऊन आला होता. हिंजवडीतल्या एका कंपनीत तो आता मोठ्या हुद्द्यावर होता. त्याने आईला उचलून गाडीत ठेवले. एसी पूर्ण सोडला. थोड्या वेळाने पद्मजाबाई बोलू लागल्या, पाणी प्यायल्या. आमोद मात्र बराच वेळ गाडीला टेकून उभा होता. दर थोड्या वेळाने तो वाकून काचेतून आईला बघून घेई. हे मी मुद्दाम सांगते. पुढे त्याने जे केले ते वाईट बुद्धीने केले, असे तुम्हाला वाटायला नको.

पावसाळ्यापूर्वी मला ताडपत्रीने झाकायला तिघेही आले. आमोदने तेव्हाच विषय काढला.

"आई, एक तर ही होडी देऊन टाकायची, नाहीतर हिच्यात एसी बसवायचा. छोटा मिळतो. खालून पाणी घेतो आणि केबिन गार करतो. मी सगळं बघितलंय."

"तिसरंही आहे की," पद्मजाबाई म्हणाल्या. "थंडीत यायचं. सकाळी यायचं. दिवाळीपासून होळीपर्यंत मला काही होत नाही."

"आणि झालं तर?"

"झालं तर होईल."

"असं बोलू नकोस. तुझ्यासाठीच करतोय ना मी?"

"माझ्यासाठी करतोयस ते कळलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला काय हवंय ते कुणाला कळतंय का, एवढंच बघतेय."

आमोदने वडिलांकडे पाहिले. दिगंबरराव ताडपत्रीच्या गाठी मारत होते. एकेक गाठ त्यांनी सोडून पुन्हा मारली. त्या चैत्रातल्या दुपारचे ओझे त्यांच्या मानेवर होते. ते काहीच बोलले नाहीत, आणि घरात जो बोलत नाही त्याचा होकारच धरतात.

आषाढात मला काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेतले. आमोदने साईनाथ नावाचा कारागीर आणला. तो दुकानांत आणि ऑफिसांत एसी बसवत असे. होडी त्याने पहिल्यांदाच पाहिली होती आणि तसे त्याने सांगितलेही. "मी तुम्ही म्हणाल तिथं बसवून देतो," तो म्हणाला. "होडीचं तुम्ही बघा."

ते यंत्र तसे लहान होते. मोठ्या जहाजात ते कुठेही मावले असते. माझ्यात मात्र ते ठेवण्याजोगी एकच जागा होती, पोटाच्या मधोमध. तिथे माझ्या फळीची पेटी होती.

"फळी काढायची नाही," दिगंबरराव म्हणाले. "फळी गेली तर ही होडी राहणार नाही."

"मग काय राहील, बाबा?"

"टब राहील."

आमोद चिडला नाही. चिडला असता तर बरे झाले असते. तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, त्या दिवशी फळी होती ना? शीडही होतं. काय उपयोग झाला? वाराच नव्हता. आई आत भाजत होती आणि तुम्ही एका वल्ह्यानं होडी ओढत होतात. आपण बॅटरीवरची मोटर लावू. फळी लागणारच नाही."

त्या दुपारी दिगंबरराव आणि मी, दोघेही कमी पडलो होतो, हे खरेच होते.

साईनाथने कटर हातात घेतला तेव्हा दिगंबरराव पुढे झाले. "तुम्ही राहू द्या," ते म्हणाले. "मी कापतो." त्यांनी घरून स्वतःची करवत आणली. फळीची पेटी त्यांनीच जोडली होती. सांधे कुठे आहेत ते त्यांना न बघता माहीत होते. त्यांनी एकेक सांधा सोडवला. एका ठिकाणी करवत अडली तर त्यांनी जोर केला नाही, थांबले, पुन्हा घातली. शिसवाची फळी त्यांनी बाहेर काढली, पुसली आणि शेडच्या भिंतीला उभी केली. मग ते बाहेर जाऊन पावसात उभे राहिले.

पुढचे सगळे साईनाथने झपाट्याने उरकले. पाणी आत घेण्यासाठी त्याने माझ्या तळाला भोक पाडले, बाहेर टाकण्यासाठी कुशीला दुसरे. केबिनच्या खिडक्या पूर्वी उघडत. त्यांना जाड काचा लावून कायमच्या बंद केल्या. मागच्या बाजूला बॅटऱ्यांचे ठोकळे भरले, तशी मी शेपटीवर बसले. डोलकाठी ठेवली. आमोद म्हणाला, "ती असू दे, तिच्याशिवाय ही होडी वाटत नाही."

गेनबा शेडच्या दारात बसून तंबाखू मळत होता. "आता वारा आतच तयार व्हनार म्हना की," तो म्हणाला. "मंग बाहेरचा कुनी वापरायचा?"

फळी काढल्याचे दिगंबररावांनी पद्मजाबाईंना सांगितले नाही. सांगायला रोज एक दिवस होता, आणि रोज तो दिवस उद्यावर गेला.

दिवाळीत त्यांना होडी दाखवायला आणले. आमोदने खरोखर जिवापाड केले होते. त्यांना चढता यावे म्हणून काठावरून उताराचा लाकडी पूल केला होता. केबिनमध्ये मधल्या यंत्रावर ते दिसू नये असे गादीचे झाकण, पाठीला मऊ उशी, हाताला धरायला कठडा, चष्मा ठेवायला कप्पा. आईला आत बसवून त्याने दार लावले आणि एसी सुरू केला. माझ्या पोटात घरघर सुरू झाली. निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखा तो काचेतून आईकडे बघत राहिला.

मित्रांनो, ती कार्तिकातली सकाळ होती. काठावर धुके होते. गेनबाने कानटोपी घातली होती. आणि पद्मजाबाई बंद काचेआड एसीत बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी आपली शाल उघडून अंगाभोवती घेतली.

आमोदने दार उघडले. "कसं वाटतंय?"

"छान गार आहे," त्या म्हणाल्या. "आता मला बाहेर घे. सुकाणू धरते."

"आई, बाहेर ऊन लागेल."

पद्मजाबाईंनी धुक्याकडे पाहिले. मग मुलाकडे पाहिले. "गार खोली मला घरी आहे रे," त्या म्हणाल्या. "त्यासाठी धरणात यायची काय गरज होती?"

आमोदचा चेहरा उतरला. "इतकं केलं तरी तुझं असंच," एवढेच तो म्हणाला, दार लावले आणि मोटर सुरू केली. आम्ही पाण्यात एक मोठी फेरी मारली. आई आत, मुलगा आणि नवरा बाहेर. दिगंबररावांना काही दाखवायचे असले की ते काचेवर टकटक करत. आतून त्या मान हलवत. त्यांना ऐकू काही येत नव्हते.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. आमोद आपल्या कंपनीतल्या मित्रांना आणू लागला. ते काचा बंद करून आत बसत, गाणी लावत, मोबाइल बघत. कुठे आलो हे बघायला कुणी मान वर करत नसे. एकजण म्हणाला, "यार, एकदम हॉटेलच्या रूमसारखं वाटतंय." त्याने ते कौतुकाने म्हटले होते. आणि बाहेर सगळी थंडी वाया जात होती. तोच काळ पद्मजाबाईंना मानवणारा, तेच दिवस एकामागून एक सरत होते. कोरडा, गार, सिंहगडाकडचा वारा रोज येऊन माझ्या रिकाम्या डोलकाठीवर शीळ घालून जाई.

पौषात एका सकाळी त्या आल्या. आमोद कामावर होता. दिगंबररावांनी रिक्षा केली होती. मला त्यांच्यात फरक दिसला. थंडी असूनही पाय पूर्वीसारखे साथ देत नव्हते. आजार आता हवा बघून येत नव्हता. गेनबाने आणि दिगंबररावांनी त्यांना दोन्हीकडून धरून आणले. केबिनच्या दाराशी त्या थांबल्या. "तिकडे नाही," त्या म्हणाल्या. "मागे. माझ्या जागेवर."

दिगंबरराव म्हणाले, "पद्मा, मोटरनंच जाऊ या आज."

"शीड बाहेर काढा."

"अगं, मळलंय ते."

"मळलेलं चालेल. अहो, पुढची थंडी मला मिळेल न मिळेल. शीड काढा."

त्यांनी शीड काढले. त्यांचे हात इतके हळू चालत होते, की गेनबानेच शेवटी दोर ओढला. शीड वर गेले आणि वाऱ्याने भरले. माझ्या अंगावर काटा आला. किती दिवसांनी! पद्मजाबाईंनी सुकाणूवर दोन बोटे ठेवली. त्यांचे डोळे पाण्यावरची सुरकुती शोधू लागले. "येतोय," त्या म्हणाल्या. "धरा."

वारा आला, आणि मी आडवी घसरले.

त्यांनी मला वळवले. मी वळले नाही. त्यांनी पूर्ण हाताने सुकाणू धरले, मग दोन्ही हातांनी. त्या काय सांगत होत्या ते मला नेमके कळत होते. पूर्वी कळायचे तसेच. पण पाणी धरायला माझ्यापाशी काही उरले नव्हते. मी खेकड्यासारखी सरकत राहिले. शेपटीतल्या बॅटऱ्या मला खाली दाबत होत्या, पोटातले यंत्र गप्प बसून होते, आणि वारा मला दूरच्या किनाऱ्याकडे ढकलत होता.

"अहो, ही ऐकत नाहीये," पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अजून नवल होते. मग त्यांनी केबिनमध्ये वाकून पाहिले. गादीचे झाकण घसरले होते, आणि जिथे फळीची पेटी असायची तिथे पांढरे यंत्र होते.

"कुणी काढली?"

"मी," दिगंबरराव म्हणाले. "माझ्याच हातानं काढली. दुसऱ्यानं कापू नये म्हणून."

"मला विचारलं असतंत तर."

"विचारलं होतं की, पद्मा. पावसाळ्याआधी आमोदनं तुझ्यासमोरच..."

"सांगितलं होतंत," त्या म्हणाल्या. "विचारलं नव्हतंत."

मी पाणगवताच्या दाटीत जाऊन चिखलात रुतले. दिगंबरराव मोटर लावू लागले, तर तिच्या पात्यात गवत गुंतले. शेवटी गेनबा आपली साधी होडी वल्हवत आला आणि त्याने मला दोराने बांधून परत ओढत नेले. सबंध वाटभर पद्मजाबाईंनी सुकाणूला हात लावला नाही. त्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. उतरताना त्या माझ्या काठाला धरून क्षणभर उभ्या राहिल्या. मला वाटले, काही बोलतील. त्या फक्त तोल सावरत होत्या.

त्या संध्याकाळी आमोद काठावर आला. गेनबाने त्याला सगळे सांगितले. तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "मी काय वाईट केलं?" तो कुणाला विचारत होता, कळले नाही. गेनबा जुना माणूस. तो म्हणाला, "वाईट न्हाई केलं दादा. पन ती तुमची हौस झाली. बाईंची ऱ्हाऊन गेली." आमोद त्यानंतर महिनोन्महिने फिरकला नाही. बापलेकांचे बोलणेही तुटले असे गेनबाकडून कानावर आले. एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले की दोघांना तेच आठवत असणार.

दिगंबररावांनी एकदा प्रयत्न केला. फाल्गुनात ते नवी पेटी करून घेऊन आले. शिसवाची फळी शेडमध्ये होतीच. पण त्यांनी यंत्र हलवले तेव्हा खालचे लाकूड बोटाने उकरून निघाले. एसीतून थेंब थेंब पाणी टपकत राहिले होते आणि बंद खिडक्यांमुळे ते कधी सुकलेच नव्हते. माझा मधला भाग कुजला होता. तळाच्या भोकात शेवाळ बसून यंत्रही केव्हाच बंद पडले होते, हे तेव्हाच कळले. दिगंबररावांनी कुजक्या लाकडाचा एक तुकडा हातात घेऊन चुरला. नवी पेटी त्यांनी पुन्हा रिक्षात ठेवली. त्या महिन्यातच पद्मजाबाई चाकाच्या खुर्चीवर आल्या होत्या. पेटी बसवली असती तरी ती कुणासाठी, हा प्रश्न होताच.

काठावरच्या रस्त्याला नवे हॉटेल निघाले. त्यांना हिरवळीवर ठेवायला होडी हवी होती. आमोदने मला तशीच देऊन टाकली. हॉटेलवाल्याने माझी भोके सिमेंटने बुजवली, मला निळा रंग दिला आणि दिव्यांच्या माळा सोडल्या. यंत्र साफ करून त्याने आपल्या गल्ल्यामागच्या खोलीत लावले. तिथे ते उत्तम चालते म्हणतात. त्याचा काही दोष नव्हताच. माणसे माझ्यात चढतात, सुकाणू फिरवून फोटो काढतात आणि भजी आली की उतरतात. कुणी वाईट वागत नाही. पण होडी म्हणून कुणी विचारतही नाही.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. वैशाखाचे दिवस. एक गाडी माझ्या अगदी बाजूला येऊन उभी राहिली. आमोद चालवत होता, मागे पद्मजाबाई आणि दिगंबरराव होते. बापलेक पुन्हा बोलू लागले असावेत. निदान एका गाडीत बसू लागले होते. पद्मजाबाई खूप बारीक झाल्या होत्या. त्यांनी काच खाली करून घेतली आणि माझ्याकडे पाहिले. निळ्या रंगात त्यांनी मला ओळखले की नाही, सांगता येत नाही. रंगाखाली माझे नाव अजून उठून दिसते, म्हणून वाटते, ओळखले असेल. गरम वारा गाडीत शिरत होता. त्यांच्या कपाळावर लगेच घाम आला. दिगंबररावांचा हात काचेच्या बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला.

आमोदने मागे वळून विचारले, "आई, काच उघडी ठेवू की लावू? तू म्हणशील तसं."

पद्मजाबाईंनी डोळे मिटले.

"आता लाव," त्या म्हणाल्या.

काच वर गेली आणि गाडी निघून गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी आजारी असेल, कुणी म्हातारे असेल, कुणी दुबळे झाले असेल. त्यांच्यासाठी काही करावे असे तुमच्या मनात येईल. जरूर करा. पण हातात करवत घेण्याआधी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. ते म्हणतील ते तुम्हाला भीतीचे वाटेल, वेडेपणाचे वाटेल, तरी ऐकून घ्या. आणि हे विचारणे त्यांच्या बोटांत सुकाणू धरण्याइतके बळ आहे तोवरच करा. नंतर ते तुमचेच म्हणणे मान्य करतील, आणि तेव्हा तुम्हाला त्याचा काहीच आनंद होणार नाही.